ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

"साहेब, साधं की पॉवर?" पंपावरच्या या प्रश्नातच गोंधळाचं मूळ आहे. साधं म्हणणारा चिक्कू ठरतो आणि पॉवर म्हणणारा गाडीवर जीव असणारा. लिटरमागे काही रुपये जादा मोजून हा दुसरा बाहेर पडतो, आणि पुढचा सिग्नल यायच्या आत त्याला पिकअप वाढल्यासारखा वाटूही लागतो.

ऑक्टेनचा आकडा जोर मोजतच नाही. ही मोजपट्टी ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाची, 1926 सालची. आयसो-ऑक्टेनला त्याने 100 गुण दिले, हेप्टेनला शून्य. कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येईल अशा एका सिलिंडरच्या इंजिनात पेट्रोल जाळायचं आणि या दोहोंच्या कोणत्या मिश्रणाइतका ते दाब सोसतं ते पाहायचं, एवढीच ही परीक्षा. 91 चं पेट्रोल 91 टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. त्यात उष्णता किती, हे कुणी विचारलेलंच नसतं.

दाब सोसायचा तो कशासाठी? प्लगची ठिणगी पडली की ज्वाळा सिलिंडरभर पसरत जाते. तिच्या पुढचं न जळलेलं मिश्रण मधल्या क्षणात दाबलं जातं, तापतं आणि कधीकधी ज्वाळेची वाट न पाहता स्वतःच भडकतं. भर मे महिन्यात पाच माणसं बसलेली, एसी चालू, खंबाटकीचा चढ, आणि गिअर न उतरवता ॲक्सिलरेटर दाबलात की डब्यात खिळे हलवल्यासारखी जी खडखड ऐकू येते, ती हीच. पिस्टनचा ती जीव खाते. ऑक्टेनचं काम ही खडखड टाळण्याचं. जे इंजिन साध्या 91 वर खडखडतच नाही, त्याला महागडं 95 पाजून काय टळणार?

ट्रिपल-ए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या मोठ्या संघटनेने 2016 मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत महागडं पेट्रोल घालून चाचण्या केल्या. ताकद, मायलेज, धूर, कशातच लक्षणीय फरक पडला नाही. अशा गाड्यांसाठी अमेरिकी लोकांनी वर्षभरात 210 कोटी डॉलरहून जास्त रक्कम वाया घालवल्याचा हिशेबही तिने मांडला. (तिथला भाचा "मी 87 टाकतो" म्हणाला तर त्याची कीव करू नका. तिथे दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी लिहितात. त्यांचं 87 आपल्या 91 च्या आसपासच येतं.)

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पण इंजिन साफ राहतं ना!" राहत असेल. पण ते काम पेट्रोलमध्ये मिसळलेल्या डिटर्जंटचं. ते 91 मध्येही घालता येतं. महिन्यातून एकदा 'डोस' देणाऱ्यांनी तर आपण औषध कोणत्या रोगावर देतोय, हे आधी ठरवावं.

आता उलट्या टोकाच्या मंडळींकडे वळू. "ऑक्टेन-बिक्टेन सगळी कंपन्यांची धूळफेक" म्हणणारे हे लोक. तेही तितकेच चुकतात. 1940 साली स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनांना 87 ऐवजी 100 ऑक्टेनचं इंधन मिळालं, तेव्हा बूस्ट, म्हणजे इंजिनात हवा कोंबण्याचा दाब, सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांवर नेता आला. हजाराच्या घरातली अश्वशक्ती कमी उंचीवर तेराशेपर्यंत गेली. मात्र नुसतं इंधन ओतून हे घडलेलं नव्हतं, बूस्टची मर्यादाही बदलावी लागली. इंधनाने सवलत दिली, इंजिनाने ती वापरली.

आजच्या टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात हेच काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो. नॉक सेन्सरला खडखडीची चाहूल लागली की तो ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण जोर आणि मायलेज दोन्ही घटतात. चांगलं ऑक्टेन मिळालं की टायमिंग पुन्हा पुढे जातं, तेही कंपनीने आखलेल्या मर्यादेपर्यंतच. ज्या गाड्यांना महागड्या पेट्रोलची शिफारस आहे, सक्ती नाही, त्यांवर ट्रिपल-एने 2017 मध्ये चाचण्या केल्या. मायलेज सरासरी 2.7 टक्के वाढलं, ताकद 1.4 टक्के. म्हणजे फायदा खरा, पण बेताचाच. तुमच्या गाडीला तो लागू आहे का, हे मॅन्युअलमध्ये आणि बहुधा टाकीच्या झाकणामागेही लिहिलेलं असतं. पंपावर विचारायची ती गोष्ट नव्हे.

ऑक्टेन म्हणजे ताकद, हा घोटाळा आता सरकारी भाषेतही शिरला आहे. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की 20 टक्के इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन 91 वरून 95 झालं आणि त्यामुळे गाडीची कामगिरी सुधारते. पहिला अर्धा भाग मान्य. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या आसपास आहे. पण एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये 21. पाचवा हिस्सा बदलला की लिटरमागे सुमारे सात टक्के ऊर्जा गेली. शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि ई10 वर (10 टक्के इथेनॉलवर) जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के घटेल, असा नीती आयोगाचाच 2021 चा अंदाज होता. 91 साठी बनलेल्या जुन्या गाडीला वाढलेले चार ऑक्टेन वापरताच येत नाहीत, घटलेली ऊर्जा मात्र पुरेपूर लागू होते. इथेनॉलने साखर कारखान्यांचं आणि ऊस उत्पादकांचं भलं होत असेल, आयात तेलाचं बिल कमी होत असेल, तर धोरणाचं समर्थन त्या कारणांनी करा. तो युक्तिवाद दमदार आहे. त्याला ऑक्टेनचा खोटा टेकू कशाला?

आणि साधंच पेट्रोल 95 झालं असेल, तर त्याच पंपावर '95' या नावाने जादा दर कशाचा घेतला जातो? ॲडिटिव्हचा असेल तर तसं छापा. अमेरिकेत प्रत्येक पंपावर पिवळ्या पट्टीवर ऑक्टेनचा आकडा लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पंपांवर साध्या पेट्रोलच्या मशीनवर भाव दिसतो, घनता दिसते, ऑक्टेन मात्र कुठेच नाही. ते आधी लिहा. मग "साधं की पॉवर" विचारायची गरजच उरणार नाही, गिऱ्हाईक आकडा पाहून मॅन्युअलप्रमाणे मागेल.