ऊन बोंबलाला हवे

दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक असतानाच आपल्याकडे सोयरिकींची बोलणी सुरू होतात, आणि ती सुरू झाली की घरोघर एक फर्मान सुटते : पोरींनी उन्हात फिरू नये. का, म्हणून विचारा. कातडी भाजेल, डोळे बिघडतील, असे कोणी सांगणार नाही. ‘काळी पडेल’ एवढेच उत्तर मिळेल. उन्हापासून कातडी जपण्याविषयी आपण जे बोलतो, त्यातले पंधरा आणे या एका भीतीपोटी बोलतो. माझे भांडण या पंधरा आण्यांशी आहे.

मी उत्तनला शाळामास्तर आहे. भाईंदर स्टेशनवरून निघालेली बस ज्या किनाऱ्याला येऊन थांबते, तेथे ऊन हे भांडवल आहे. जून-जुलैची मासेमारीबंदी उठून नारळी पौर्णिमा झाली, की होड्या बाहेर पडतात, डोलीत बोंबील येतो, आणि पाऊस ओसरला म्हणजे बांबू रोवून, दोऱ्या ताणून उभारलेल्या वलांड्यांवर तो वाळत पडतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, हे काम बहुतेक बायकांचे. जवळा तर जमिनीवर पसरावा लागतो, वरचेवर परतावा लागतो. सकाळी वाकलेली पाठ दुपार टळली तरी सरळ होत नाही. डोक्यावर पदर असतो. पण ऊन नुसते वरून येत नाही, ते रेतीवरून आणि लाटांच्या फेसावरूनही उसळून तोंडावर येते. त्याला पदर काय करणार?

या बायकांची तोंडे जरा निरखून पाहा. चाळिशीत साठीच्या सुरकुत्या, गालांवर वांगाचे डाग, आणि काहींच्या डोळ्यांत नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकत आलेली मांसाची पातळ झिल्ली. विचारले तर ‘वय झालं’ म्हणतात. हे सगळे वयाचे नव्हे. उन्हातल्या ज्या अदृश्य किरणांना जुन्या पुस्तकांत जंबुपार म्हणत आणि हल्लीच्या पुस्तकांत अतिनील म्हणतात, त्यांचा यात मोठा वाटा आहे. मोतीबिंदूलाही ते हातभार लावतात.

‘आपली कातडी मुळातच सावळी, आपल्याला काय होते?’ असे म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. सावळ्या कातडीतले रंगद्रव्य हे किरण काही अंशी अडवते. म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात कातडीचा कर्करोग कमी. पण कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे, आणि डोळ्यांना त्या सावळेपणाचा फारसा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ साली मिळून एक अंदाज प्रसिद्ध केला. मेलानोमा हा प्रकार वगळला, तर कातडीच्या कर्करोगाने जगात जेवढी माणसे मरतात, त्यांतली जवळजवळ एकतृतीयांश उन्हात काम केल्यामुळे मरतात. ‘काम केल्यामुळे’ हे शब्द लक्षात घ्या. ही माणसे हौसेने ऊन खायला गेलेली नव्हेत.

आणि आमचा बाजार काय विकतो? गोरेपणा. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव पालटले, पण सोयरिकीच्या बैठकीत पोरीच्या रंगाची चौकशी पालटली, असे निदान माझ्या कानांवर आलेले नाही. आता त्याच फळीवर ऊन अडवणारी मलमे येऊन बसली आहेत. ती खोटी नाहीत, हे मी कबूल करतो. ३० आकड्याचे मलम भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० आकड्याचे सुमारे ९८. म्हणजे वीस आकडे वाढले आणि पदरात पडला एक टक्का! पण हा हिशेब थर जाड असेल तरचा. साऱ्या अंगाला एका वेळेला सुमारे ३० मिलिलिटर लागते, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. ५० मिलिलिटरची बाटली दोन वेळाही पुरायची नाही. नुसते तोंड, मान आणि हात धरले, तरी घामाने आणि खाऱ्या पाण्याने निथळणाऱ्या बाईने सहा तासांत ते किती वेळा थापावे, आणि कोणत्या हातांनी? मासळीच्या?

‘दहा ते चार उन्हात जाऊ नका’ असा दुसरा एक उपदेश वर्तमानपत्रांतून दर उन्हाळ्यात येतो. बोंबील वाळतो तो दहा ते चारच. मी एकदा एका मावशींना छत्रीविषयी सुचवले. त्या म्हणाल्या, “मास्तर, एका हातान छत्री धरू, मंग बोंबील दातान लावू काय?”

ऑस्ट्रेलियात १९८१ साली कर्करोगविरोधी मंडळींनी एक मोहीम काढली. त्यांची घोषणा तीन गोष्टींची : सदरा घाला, मलम थापा, टोपी चढवा. पहिला मान मलमाला नव्हता, कापडाला होता. दाट विणीचे, सैल, गडद कापड उत्तम. ओले झालेले पातळ पांढरे सुती कापड त्या मानाने पुष्कळ किरण आत सोडते. तिकडच्या अनेक शाळांत टोपी नसेल त्या पोराला उघड्या मैदानावर खेळू देत नाहीत. आमच्या शाळांतून अजूनही उन्हात उभे करणे ही शिक्षा समजतात, आणि पाहुणे यायचे असले म्हणजे तोच मान समजतात. मुले रांगेत, पाहुणे मांडवात. मोठ्यांचीही तीच तऱ्हा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. व्यासपीठावर छत होते, समोरच्या लाखोंच्या समुदायावर नव्हते. उष्माघाताने १४ माणसे गेली. तेथे प्रश्न कातडीचा नव्हता, प्राणाचा होता. पण सावली कोणाला द्यायची, हे ठरवण्याची रीत तीच.

माझे मागणे लहान आहे. ऊन बोंबलाला हवे, बाईला नको. मासळी टांगायला आणि परतायला उन्हात जावे लागेल. पण निवडणे, जोड्या लावणे, वाळलेल्याचे भारे बांधणे ही कामे उन्हात करण्याचे काय कारण? प्रत्येक वाळवणाच्या जागेला लागून दहा-बारा बायका बसतील एवढे एक छप्पर, रुंद काठाच्या टोप्या, लांब बाह्यांचे दाट कापडाचे झगे, आणि डोळ्यांना किरण अडवणारे चष्मे. छपराला बांबू गावात आहेत, झावळ्याही आहेत. वाळवणाची दहा हात जागा जाईल, अशी कुरकुर पुरुषमंडळींनी माझ्यापाशी केली आहे. जाईल, खुशाल जाऊ दे. शेजारच्या दोरीवर बोंबील थोडे दाट टांगा.

हंगाम मेअखेरपर्यंत चालतो. मेच्या मध्याला एके दिवशी भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची स्वतःची सावलीसुद्धा पायाखाली नाहीशी होते. त्याला अजून सहा महिने आहेत. छप्पर आठवड्यात होते.