घाटावरचे पाद्रीबाबा आणि दहावीचा धडा

पनवेलहून बोरघाट चढला की खंडाळा लागतं. तिथल्या झाडाझुडपांची नोंद करणारा जाडजूड ग्रंथ १९५३ साली निघाला, तो लिहिला एका पाद्रीबाबांनी. फादर सांतापाव मूळचे स्पेनचे, येशूसंघीय, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. सेंट झेवियर्समधला वनस्पतिसंग्रहही फादर ब्लॅटर यांच्या नावाचा. सलीम अलींना प्राणिशास्त्राकडे वळवलं ते याच ब्लॅटरांनी. अशा संग्रहातला कागद पाहावा: वाळवून चिकटवलेली डहाळी, कोपऱ्यात नाव, गाव, तारीख. एकाच जातीच्या दहा डहाळ्या शेजारी ठेवल्या तर दहाही थोड्याथोड्या वेगळ्या. डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांताचा सगळा डोलारा याच बारीकसारीक फरकांवर उभा आहे. पाद्रीबाबांचं हे काम मुद्दाम सांगायचं कारण, ख्रिस्ती श्रद्धा आणि उत्क्रांती यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, अशी आपल्याकडे समजूत आहे.

समजूत निम्मी खरी. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातले सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस घड्याळ लावून मोजणारे ख्रिस्ती अमेरिकेत पुष्कळ, आपल्याकडेही आहेत. कॅथलिक चर्चने मात्र १९५० साली, पोप बाराव्या पायस यांच्या पत्रात, मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली, आत्मा देवच देतो, एवढी अट घालून. १९९६ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही निव्वळ अटकळ उरलेली नाही, असं मान्य केलं. म्हणून अडचण संपली असं नव्हे. सगळी माणसं एका आदामाची, यावर पायस ठाम होते. जनुकशास्त्र म्हणतं, आपले पूर्वज एका जोडप्याइतके थोडे कधीच नव्हते. मग आदामाकडून सगळ्यांच्या वाट्याला आलं असं मानल्या जाणाऱ्या मूळ पापाचं काय करायचं? खरी गाठ ही आहे, सहा दिवस त्यापुढे किरकोळ. श्रद्धा आणि उत्क्रांती एका घरात नांदू शकतात, असं आमचं मत. भांड्याला भांडं लागणारच.

गंमत अशी, की महाराष्ट्रात डार्विनवर अलीकडे गाजलेला हल्ला झाला तो चर्चमधून नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढलं. तरी २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेलीच. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाचा दुसरा भाग मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ याच धड्याने सुरू होतो. म्हणजे नवीन पनवेलमधल्या एकाच मजल्यावरच्या दोन मुलांपैकी राज्य मंडळाच्या मुलाला दहावीत डार्विन भेटतो. एनसीईआरटीची पुस्तकं शिकणाऱ्या दुसऱ्याला बारावीत, तेही जीवशास्त्र घेतलं तर.

दिवाळीची सुट्टी आहे. आपल्या मुलाच्या दप्तरात तो धडा नसेल तर फराळाचं ताट द्यायला शेजारी जाल तेव्हा पुस्तक मागून आणा, आणि मुलांबरोबर बसून वाचा.