विदर्भाच्या काशीचा स्वर

काशी म्हटले की गंगेचे घाट आणि विश्वनाथ यांच्या जोडीने सनई, ठुमरी आणि तबला यांचे स्मरण होतेच. २०१५ साली युनेस्कोने आपल्या सर्जनशील नगरांच्या मालिकेत वाराणसीला ‘संगीत नगरी’ म्हणून स्थान दिले, तेव्हा प्रत्येक भारतीयाला आनंद झाला. परंतु महाराष्ट्रात ज्या नगरीला लोक ‘विदर्भाची काशी’ म्हणतात, तिच्या स्वरपरंपरेचे काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

भंडारा जिल्ह्यातील पवनी ही ती नगरी. वैनगंगेचे घाट, पावलोपावली देवळे आणि विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक स्थान तिला लाभले आहे. १९६९-७० च्या उत्खननात येथे प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले आणि या नगरीचा इतिहास दोन हजार वर्षांहून मागे जात असल्याचे सिद्ध झाले. वैनगंगेच्या वरच्या अंगाला आंभोरा हे संगमक्षेत्र आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ तेथे रचला, असे परंपरा सांगते. मराठी ओवीचा उगमच या नदीकाठाशी जोडावा, इतका लोकांना तिचा अभिमान आहे.

या प्रदेशाचे संगीत दरबारात वाढले नाही. ते धानाच्या बांध्यांत, देवळाच्या पारावर आणि गावच्या चौकात वाढले. दिवाळीनंतर धान घरात आले की दंडार उभी राहते. खडी गंमतीत शाहीर डफ-ढोलकीच्या साथीने रात्र जागवतो. डहाक्याच्या घुमाऱ्यावर देवदेवतांच्या कथा गायिल्या जातात, तर महाशिवरात्रीच्या सुमारास पचमढीची वाट चालणाऱ्या भाविकांच्या तोंडी महादेवाची गाणी असतात. या स्वराचे सामर्थ्य राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी नेमके ओळखले होते. त्यांच्या खंजिरी भजनांनी गावेच्या गावे जागी केली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी पवनीपासून फार दूर नसलेल्या चिमूरमध्ये जो उठाव झाला, त्यामागे या भजनांची प्रेरणा होती. ज्या संगीताने परकीय सत्तेला आव्हान दिले, त्याला केवळ करमणूक कसे म्हणता येईल?

याच पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवर ३३ दरवाजांचे विशाल धरण उभे आहे. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली आणि २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कोरड्या शेतीला पाणी हवे, याविषयी दुमत नाही. मात्र त्या पाण्यासाठी ज्या गावांनी आपले घरदार सोडले, त्यांच्या त्यागाचा हिशेब पूर्ण झाला आहे काय? मोबदल्याच्या कागदावर शेत असते, घर असते, विहीर असते, झाडही असते. दंडारीचा चौक आणि भजनाचा पार यांचे मोल मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही. एका गावाची माणसे दोन-तीन ठिकाणी विखुरली की ढोलकीवाला एकीकडे आणि गाणारा दुसरीकडे, अशी अवस्था होते. घर नव्याने बांधता येते. चार पिढ्यांनी जमवलेला मेळ कंत्राटदाराकडून बांधून घेता येत नाही.

झाडीपट्टीची रंगभूमी जोमात आहे, मग चिंता कशाची, असे कोणी म्हणेल. वडसा येथून निघणाऱ्या नाटक मंडळ्यांना आजही रात्र-रात्र प्रेक्षक लाभतात. २०२३ साली ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ही साऱ्या झाडीपट्टीसाठी गौरवाची गोष्ट होय. तथापि नाटकाला तिकीट आहे, व्यवसाय आहे. दंडार, डहाका आणि महादेवाची गाणी यांना केवळ गाव आहे. नाटक तरले म्हणून ही गाणी आपोआप तरतील, हा भ्रम ठरेल.

उपाय अवघड नाहीत. राष्ट्रसंतांचे नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठाने आणि २०११ पासून कार्यरत असलेल्या गोंडवाना विद्यापीठाने पुनर्वसित गावांतील वृद्ध गायक-वादकांचे ध्वनिमुद्रण प्राधान्याने हाती घ्यावे. नव्या गावठाणांत समाजमंदिर बांधताना दंडारीसाठी मोकळा चौक राखावा. पवनीच्या यात्रा-उत्सवांत बाहेरच्या वाद्यवृंदाआधी पंचक्रोशीतील मंडळांना मान द्यावा. शाळांनी वर्षातून एकदा तरी गावच्या शाहिराला मुलांसमोर उभे करावे.

यातील बहुतेक कामांसाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. संस्कृती शासन टिकवत नाही, समाज टिकवतो. धरणात किती पाणी साठले, याचा आकडा रोज प्रसिद्ध होतो. त्या पाण्याखाली किती गाणी गेली, याचा हिशेब मात्र समाजालाच ठेवावा लागेल. ती गाणी ज्यांच्या ओठी आहेत, ती माणसे आता थकली आहेत. त्यांच्याकडे जाण्यास विलंब होऊ नये, इतकेच.