स्मृतीचा अभ्यास व आमचीं घरें

परीक्षेचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे ‘ध्यान करा, गुण वाढतील’ असा उपदेश चोहोंकडून ऐकूं येतो. महाराष्ट्र शासनानेंही या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ‘मित्र उपक्रम’ या नांवानें ‘आनापान’ शाळांतून नेलें. नाकपुडीपाशीं येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे कांहीं मिनिटें लक्ष ठेवावयाचें, एवढाच तो अभ्यास. अभ्यास चांगला आहे. परंतु तो गुण वाढविण्याचें औषध म्हणून देणें मला मुळींच पसंत नाहीं.

हा अभ्यास मूळचा बौद्धांचा. पालि भाषेंत त्यास ‘सति’ म्हणतात, संस्कृतांत स्मृति. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शिकवणुकीच्या शोधार्थ सिंहलद्वीप व ब्रह्मदेशापर्यंत गेले, पुढें १९१२ ते १९१८ पर्यंत आपल्या पुण्याच्याच फर्ग्युसन महाविद्यालयांत पालि शिकवीत होते, आणि १९२५ सालीं त्यांचें ‘समाधिमार्ग’ हें मराठी पुस्तक निघालें. तेव्हां ही कांहीं कालपरवांची टूम नव्हे. सतिपट्ठान सुत्तांत श्वासाच्या जोडीस चालणें, जेवणें, पाणी पिणें, हात आंखडणें व पसरणें, इतकेंच काय, बोलणें व मौन राहणें हींसुद्धां जाणून करावीं असें सांगितलें आहे. मग दहा मिनिटें डोळे मिटून बसलेला विद्यार्थी मधल्या सुटींत शिपाईमामांशीं उद्धटपणें बोलला, तर त्याचा अभ्यास कोठें गेला? अष्टांगिक मार्गांत सम्यक् स्मृति हें सातवें अंग आहे. सम्यक् वाचा तिच्या पुष्कळ आधीं येते.

कित्येक ख्रिस्ती पालक विचारतात, आमच्या शाळेंत दुसऱ्या धर्माचें हें कशाला? प्रश्न रास्त आहे, व ‘हा धर्म नव्हेच, नुसता व्यायाम’ असें म्हणून तो टाळणें मला अप्रामाणिकपणाचें वाटतें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपूर येथें बौद्ध धर्म स्वीकारला. तो मार्ग धरलेल्या घरांतील मुलें आमच्याच बांकांवर बसतात. त्यांच्या घरची वस्तू घेऊन तिच्यावरील नांव पुसावें, हें शेजारधर्मास शोभत नाहीं. नांव घेऊन शिकावें. आपली प्रार्थना आपणांपाशीं राहतेच. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतील मार्था काम केल्यामुळें चुकली नाहीं. हात एकीकडे व मन दहा ठिकाणीं, हें तिचें दुखणें होतें. ज्यास तें उमगलें, त्यास बौद्ध शेजाऱ्याचें म्हणणें फारसें परकें वाटूं नये.

आतां वारज्यांतलेंच पाहा. महामार्गालगतचा रस्ता ओलांडतांना आमचे विद्यार्थी कानांत गाणें लावून चालतात. आणि घरीं मूल कांहीं सांगूं लागलें तर वडील ‘हं, हं’ म्हणत मोबाईलवरून बोट फिरवीत असतात. पालकहो, मुलांस आसनावर बसविण्यापूर्वीं रात्रीच्या जेवणापुरते सर्वांचेच मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवून पाहा. पहिले दोन दिवस बोलावयास विषय सुचणार नाहीं. तिसऱ्या दिवशीं मूल कदाचित् गणिताच्या तासास काय झालें तें आपण होऊन सांगूं लागेल. तेव्हां मध्येंच त्यास गुण विचारूं नयेत.