जाऊन येते!

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणातली गोष्ट. रोह्याहून वन्संचा फोन आला, "अगं, एकदा येऊन जा. पोरीनं पुस्तकं माळ्यावर टाकलीत आणि तोंड फिरवून बसलीय." मी पेणचे पोहे नि पापड पिशवीत भरले आणि रविवारची गाडी पकडली.

भाची नर्सिंग शिकलेली. जपानात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला हात कमी पडतात. अशा कामांसाठी आपल्या सरकारनं २०२१ साली जपानशी करारही केला. पण जायचं तर आधी जपानी भाषेची परीक्षा द्यायला हवी. वन्संनी भिशीच्या पैशातून क्लासची फी भरली. दोन महिन्यांत पोरगी थकली. म्हणाली, "मामी, क्लासात व्याकरण सगळं इंग्रजीतून. मी मराठी शाळेतली. आधी इंग्रजी समजून घ्यायचं, मग जपानी. माझ्याच्यानं नाही व्हायचं." वडिलांनी तर निकालच लावला होता, "पुरे झालं. आता स्थळं बघू."

मला तरी कुठं जपानी येत होतं? पण पुस्तक खाली काढायला लावलं आणि म्हटलं, "एक वाक्य वाच. अर्थ मराठीत सांग. इंग्रजीचं नाव नको."

तिनं आपल्या पोह्यांवरच वाक्य केलं, "वाताशि वा पोहे ओ ताबेमास्." वाताशि म्हणजे मी, ताबेमास् म्हणजे खाते. मी पोहे खाते! अगदी आपल्यासारखं, क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मध्येच घुसतं, म्हणून पोरीचा गोंधळ व्हायचा. मधला 'ओ' हा खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूला लागतो, आणि 'वा' म्हणजे 'मी म्हणशील तर', बोलण्याचा विषय दाखवणारा.

मग मी म्हटलं, "आता मी कशी आले ते सांग." तिनं जुळवलं, "पेण कारा रोहा मादे देन्शा दे किमाश्ता." कारा म्हणजे हून, मादे म्हणजे पर्यंत, देन्शा म्हणजे आगगाडी आणि दे म्हणजे ने. पेणहून रोह्यापर्यंत आगगाडीने आले. बघा, आपले विभक्तीचे प्रत्यय जसे शब्दाच्या मागे लागतात, तसेच हे. उलट आपल्यापेक्षा सोपं. आपण 'रोहा'चं 'रोह्या' करतो, जपानीत शब्द बदलत नाही. आले, आला, आलो, आल्या, सगळ्याला एकच किमाश्ता!

प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावायचं. "ताबेमास् का?" म्हणजे "खातेस का?" आपलाच 'का'. आणि "ओइशी देस् ने" म्हणजे "चवदार आहे ना?" 'ने' म्हणजे आपला 'ना'. वन्सं ओट्यापाशी होत्या, त्याही हसल्या. म्हणाल्या, "हे तर मलासुद्धा येईल."

गंमत पुढेच आहे. आपण म्हणतो 'करून बघते'. जपानीतही शिते मिमास्, करून बघते. यातलं बघणं डोळ्यांनी बघणंच, तरी अर्थ 'प्रयत्न करते' असा. "मला चहा आवडतो" या वाक्यात आपल्याकडे चहा कर्ता असतो. जपानीतही चहाला कर्त्याचा 'गा' लागतो, "ओचा गा सुकि देस्." या दोन भाषांच्या अशा तुलनेवर प्रा. प्रशांत परदेशी या मराठी भाषाशास्त्रज्ञांनी टोकियोतल्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेत काम केलं आहे. म्हणजे हा आपला नुसता स्वयंपाकघरातला शोध नव्हे!

सगळंच सोपं आहे असं मात्र समजू नका. स्वतःच्या आईला दुसऱ्यांसमोर हाहा म्हणायचं, दुसऱ्याच्या आईला ओकासान. विशेषणालाही भूतकाळ असतो, ओइशी म्हणजे चवदार, ओइशिकात्ता म्हणजे चवदार होतं. आणि मोजणं! चपट्या वस्तूंना माइ, लांबुळक्यांना होन. पापड इचिमाइ, निमाइ. पण केळी इप्पोन, निहोन, साम्बोन. ज्या घरात जुडी, पेंडी, नग असं वेगवेगळं मोजतात, तिथल्या बाईला हे नवं वाटायचं कारण नाही. पाठ मात्र करावं लागतं.

कुणाला घरच्या घरी सुरुवात करायची असेल, तर आम्ही केलं ते सांगते.

हिरागाना लिपीत ४६ अक्षरं. रोज पाच घेतली की दहा दिवसांत संपतात. क्रमही ओळखीचा वाटतो. आधी अ इ उ ए ओ हे स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी तिकडे संस्कृत वर्णमाला नेली, तिची ही छाप.

डब्यांवर चिठ्ठ्या लावा. मीठ शिओ, पाणी मिझु, अंडं तामागो. तांदूळ कोमे आणि शिजल्यावर गोहान. आपल्या तांदूळ-भातासारखे दोन शब्द, इंग्रजीत बिचारा एकच.

रोज एक वाक्य घरातल्या कामाचं करा आणि मोठ्याने म्हणा.

परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, मुंबई-पुण्यात देता येते. पहिली पायरी एन-५. बोलायची परीक्षा नाही, निबंध नाही, उत्तरं निवडायची. १८० पैकी ८० गुण हवेत, शिवाय प्रत्येक भागात ठरलेले किमान गुण. पण देखभालीच्या नोकरीला एन-५ पुरत नाही. एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा, शिवाय त्या कामाच्या वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. तेव्हा कुणी एन-५ वर नोकरीची हमी देऊन पैसे मागितले, तर पदर घट्ट धरा.

भाचीनं डिसेंबरात एन-५ दिली. ऐंशीची रेघ ओलांडली, फार वर नाही, पण ओलांडली. वडिलांनी स्थळांची वही तूर्त मिटून ठेवलीय. म्हणाले, "आणखी एक वर्ष." वन्संनी पुन्हा भिशी लावली.

परवा परत निघताना ती मला स्टेशनवर सोडायला आली. आपण बायका निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. जपानी माणूस घराबाहेर पडताना म्हणतो, "इत्ते किमास्," जाऊन येते. घरातलं माणूस उत्तर देतं, "इत्तेराश्शाइ," जाऊन ये.

गाडी हलली तशी मी खिडकीतून म्हटलं, "इत्ते किमास्!" पोरीनं हात हलवत उत्तर दिलं. एक दिवस ती दारात उभी राहून हेच म्हणेल, आणि उत्तर वन्संना द्यावं लागेल. त्यांनी ते आतापासूनच पाठ केलंय.