सोलापूरला बसून काय करतोस?

पुण्यातले मित्र विचारतात, "इंजिनिअर होऊन सोलापूरला बसून काय करतोस?" कामच करतो, राव! न्यूयॉर्कला सकाळचे 9 म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे 6:30, हिवाळ्यात 7:30. त्या घड्याळावर पुण्याच्या कॉल सेंटरात दोन वर्षं काढली. पाणी प्यायला उठलं तरी मिनिटं मोजायचे. घरून काम मागितलं तर म्हणे, सरकारी नियम आडवे येतात. थापा! दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2020 मध्येच नोंदणी, बँक गॅरंटी सगळ्या अटी काढून एजंटला घरून बसायची मुभा दिली. आडवा येतो तो मॅनेजर. त्याला डोकी मोजायची असतात. आणि घरी बसवून तीच रात्रपाळी देणार असाल तर तीही नको. आता दिवसा कोड लिहितो, रात्री झोपतो. एकेकाळी मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावाला पाळी म्हणजे काय ते शिकवू नका.