प्रसंग तसा खाऊ

मुलांनो, जेवायला काय करायचे, हे घरातली मोठी माणसे ठरवतात. पण खाऊ काय आणायचा, हे पुष्कळदा तुमच्यावर सोपवले जाते. पाहुणे येणार असतात, सहल निघणार असते किंवा निकाल लागलेला असतो. अम्मी हातावर पैसे ठेवते आणि म्हणते, "जा, काहीतरी घेऊन ये." तुम्ही दुकानात जाता. समोर रंगीत पाकिटांच्या माळा लटकत असतात. हात आपोआप तिकडे जातो.

माझे म्हणणे असे, की हात पुढे करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. खाऊ कुठे खायचा आहे? कोण खाणार आहे? आणि केव्हा? जो सर्वांत महाग तो सर्वांत चांगला, असे खाऊच्या बाबतीत मुळीच नसते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतलेच पदार्थ घेऊन पाहू.

आधी "कुठे" हा प्रश्न घ्या. सांगलीचे भडंग प्रसिद्ध आहे. चिरमुऱ्यांना तेल, लसूण, तिखट आणि मीठ लावून, त्यांत शेंगदाणे घालून ते करतात. त्यात ओला पदार्थ नसतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ते बरेच दिवस कुरकुरीत राहते. एसटीच्या प्रवासात ते सांडत नाही, नासत नाही, ताटवाटी लागत नाही. सहलीला याहून सोयीचे काय असणार? त्याच चिरमुऱ्यांत कांदा, टोमॅटो आणि चटणी कालवली, की भेळ होते. ती चवदार खरी, पण थोड्याच वेळात मऊ पडते. म्हणून भेळ घरी करावी, सगळे जमल्यावर कालवावी आणि लगेच खावी. चिरमुरे तेच, पण जागा बदलली, की पदार्थ बदलतो.

आता "कोण" हा प्रश्न. मराठीत एक म्हण आहे : दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. आजीसमोर भडंगाची बशी ठेवली, तर ती बिचारी नुसती पाहत बसेल. तिला केळे द्या, नाहीतर भिजवलेले बेदाणे द्या. सांगली जिल्ह्यातले तासगाव द्राक्षे आणि बेदाणे यांसाठी नावाजलेले आहे. सुमारे चार किलो द्राक्षे वाळवली, म्हणजे एक किलो बेदाणा मिळतो. हा शब्द नीट पाहा. "बे" म्हणजे विना आणि "दाणा" म्हणजे बी. फारसीतून आलेला हा शब्द तुम्हांला परका नाही. तासगावच्या शेतकऱ्यालाही तो परका वाटत नाही.

"केव्हा" हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. दिवसभराच्या रोजानंतर पोट रिकामे असते. अशा वेळी आधी खजूर आणि पाणी घेतात. खजुरातली साखर शरीराला लवकर मिळते. मग फळे येतात. २०२५ साली रमजान मार्च महिन्यात आला होता. तेव्हा तासगावात द्राक्षांचा आणि महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीचा हंगाम होता. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. त्याबरोबर इफ्तारची फळेही बदलतात. त्या त्या हंगामाचे ताजे फळ घ्यावे, हे बरे.

मराठीतला "फराळ" हा शब्दही लक्षात ठेवा. तो "फलाहार" या शब्दापासून आला. दिवाळीच्या फराळात चिवडा, चकली, करंजी आणि लाडू असतात. पण उपवासाचा फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, फळे. शब्द एकच, पण दिवस पाहून त्याचा अर्थ घ्यावा लागतो. एकादशीला उपवास करणारी मैत्रीण तुमच्या घरी आली, तर शीरखुर्म्याचा आग्रह करू नका. त्यात शेवया असतात. पण दूध आणि खजूर तिला चालतात. रोजा सोडताना तुमच्या हाती असलेला खजूर तिच्या उपवासालाही चालतो, ही किती छान गोष्ट आहे!

आता आनंदाचा प्रसंग घेऊ. साताऱ्याचे कंदी पेढे सर्वांना ठाऊक आहेत. दूध आटवून खवा करतात आणि तो साखर घालून खमंग भाजतात. पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर पेढे वाटतात. मूल जन्मले तरी पेढे वाटतात. पण पुष्कळ घरांत अशी रीत होती आणि काही ठिकाणी अजून आहे : मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. बर्फी काही वाईट नाही. पण मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगवेगळी मिठाई का? तान्ह्या बाळाची पहिली ओळखच आपण वेगळी का करावी?

ही गोष्ट लहान वाटते, पण ती लहान नाही. २०११ सालच्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे मुलींची संख्या ९०० पेक्षाही कमी होती. आणि हाच सातारा जिल्हा सावित्रीबाई फुले यांचा. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे त्यांचा जन्म झाला. पुढे त्यांनी पुण्यात मुलींना शिकवले. अशा जिल्ह्यात तरी मुलीच्या जन्माचे पेढे वाटले पाहिजेत. रीत जुनी आहे, एवढ्याने ती योग्य ठरत नाही.

कोणी म्हणेल, "एवढा विचार कशाला? पाकीट घ्यावे, फोडावे, खावे." अडचणीच्या वेळी पाकीट सोयीचे असते, हे मला मान्य आहे. पण पाकिटावरचे वजन वाचा. वेफर चुरू नयेत आणि खवट होऊ नयेत, म्हणून त्यात नायट्रोजन वायू भरलेला असतो. फुगलेले पाकीट म्हणजे भरलेले पाकीट नव्हे. शिवाय प्रत्येकजण आपापले पाकीट घेऊन बसला, की ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो बाजूला पडतो. चिरमुऱ्यांच्या परातीभोवती कोणी बाजूला पडत नाही. मधल्या सुट्टीत हे तुम्ही स्वतः पाहिले असेल.

खाऊ निवडणे म्हणजे दुसऱ्याचा विचार करणे. त्याचे दात, त्याचा उपवास, त्याचा खिसा, त्याचा आनंद, हे सगळे आपण क्षणभर आठवतो. पुढच्या वेळी अम्मी "काहीतरी घेऊन ये" म्हणाली, तर दारातच थांबा आणि विचारा, "अम्मी, कोण येणार आहे?"